ओट्याले भोक

आर्वीवाली ताई: मिस्त्री येऊन बसला. लांब मानेचा नवा नळ आणला, पण ओट्यावरचं जुनं भोक बारीक पडते. म्हणते, हॅमर मशीन लावतो, पाच मिनिटाचं काम. लावू देऊ का?

दादा: लावू दे ना. भिंतीले पडते तं ग्रॅनाइटले काऊन नाही पडनार?

मामा: थांबव त्याले! पहिले चहा पाज, मशीन हातात देऊ नको. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी असंच झालं. सिंक अन् भिंतीच्या मधात चार बोटं पट्टी राहाते ना, थेच निरा कमजोर. ठोका बसला अन् कट्टकन चीर गेली, सिंकच्या कोपऱ्यापासून भिंतीलोक. आता एम-सील भरून बसले हायत.

ताई: अगं माय! मंग राहू देऊ का?

मामा: राहू कायले देतं? भोक मोठं होते, पण ठोकून नाही, घासून. डायमंड कोर बिट लागते, काठाले हिऱ्याची बुकटी बसवलेली पोकळ नळकांडी. जुनं भोक मोज, अन् डब्यावर काय लिहिलं थे सांग.

ताई: जुनं 22 मिलीमीटर. डब्यावर 35.

वहिनी: आमच्या आरओच्या नळाले 12 चं पाडलं, थे तं लवकर झालं होतं.

मामा: थे कोऱ्या दगडात होतं. इथं मधातच भोक हाय, बिटाले टेकाले जागा नाही. नुसतं लावलं का बिट नाचते अन् पॉलिशवर ओरखडे. सुताराकडून प्लायच्या तुकड्याले 35 चं भोक पाडून आणा. थो तुकडा ओट्यावर मापात बसवा, दोघांनी दाबून धरा. दोन-तीन मिलीमीटर खाच पडली का प्लाय काढून टाका. मंग बिट आपल्या खाचेतच चालते. हॅमर बंद, स्पीड हळू.

दादा: पाणी?

मामा: सतत. बिट तापली का हिरे झडतात. जुन्या भोकात खालून चिंधी कोंबा, नाहीतर सारं पाणी खाली. वरून भोकाभोवती कणकेची पाळ करा.

आई: चांगली कणिक कायले वाया घालता? कालची शिळी हाय का पाहा तिच्याकडे.

मामा: शिळीच घ्या 😄 अन् मिस्त्रीले सांग, पायात रबराची चप्पल, मशीनवर पाणी उडू द्यायचं नाही. कोरडं घासाचंच नाही, थो पांढरा धूर म्हणजे दगडाची भुकटी, फुप्फुसात बसते. ओट्याखाली वाकून पाह्य, कडप्पा हाय का?

ताई: हाय. काळा, जाडजूड.

मामा: हेच मले वाटलं. टोकाचा काठ दिसते तिथं दोन्हीची जाडी मोज. नळाचा आटाही मोज, ज्या पेचावर खालून नट फिरते थो.

ताई: ग्रॅनाइट 18, कडप्पा 25. आटा 40.

दादा: 43. झालं, नट कसा लागन?

मामा: नाहीच लागणार. दुकानात हे कोणी सांगत नाही, घरी आल्यावर कळते. नळ परत करू नका. कडप्पा चुनखडी हाय, ग्रॅनाइटपरीस नरम. वरून 35 चं भोक आरपार पाडा, मंग खालून फक्त कडप्पा ग्राइंडरनं चारी बाजूंनी रुंद करा, वॉशर बसन एवढा. म्हणजे नट थेट ग्रॅनाइटले लागते. पण हळू, कडप्प्याचे पापुद्रे सुटतात.

(दुपारी)

ताई: झालं मामा! शेवटी मिस्त्रीनं जोर कमी केला, खालचा काठ नाही उडाला. आत्ता ओल्या चिखलातून दगडाचं कडं निघालं, पोट्ट्यानं अंगठ्यात घातलं, काढू देत नाही.

आई: साबण लाव त्याले.

मामा: नट कसला का? पाणी टपकते का?

ताई: कसला. पण लाइन गेली, टाकीत थेंब नाही. संध्याकाळी सांगतो.