मिडलसेक्स काउंटीत नक्की राहतं तरी कोण? (एडिसन, पिस्कॅटवे वगैरे)

सातारी_कंदी

नमस्कार मंडळी. नवऱ्याला कंपनी न्यू जर्सीला पाठवतेय, ऑफिस पिस्कॅटवेला आहे. ऑगस्टमध्ये निघायचं. मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत बसेल. मागून सासूबाई सहा महिन्यांसाठी येतील.

घर शोधताना सगळीकडे 'मिडलसेक्स काउंटी' असं येतं. तिथे साधारण चौथा हिस्सा लोक आशियाई, पाचवा हिस्सा हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले), असं वाचलं. म्हणजे मुलीच्या वर्गात चारातलं एक मूल आपल्याकडचं असेल, असं धरून चालू का? बहीण म्हणते, एडिसनला गेलीस तर अमेरिका दिसायचीच नाही, घाटकोपर दिसेल. दीर म्हणतात, दोन गावं पलीकडे गेलात तर एक भारतीय तोंड दिसणार नाही. दोघंही तिथे जाऊन आलेत!

शिवाय काउंटी म्हणजे जिल्हा समजायचा की तालुका? एजंटला विचारलं, "या भागात भारतीय किती?" तर त्याने विषयच बदलला. आमचं काही चुकलं का?

बोळातला_बाजीराव

घाटकोपर बरोबर आहे. शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर, म्हणजे इसेलिन-एडिसनच्या भारतीय बाजारात, पार्किंग मिळालं तर मला फोटो पाठवा. बाकी जाणकार सांगतीलच.

गुडघेताई

कंदी, दीर आणि बहीण दोघंही खरं सांगतायत. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी मूळची मिरजेची, इथे बावीस वर्षं झाली. फिजिओथेरपिस्ट आहे, पण दवाखान्यात बसत नाही. गुडघा नाहीतर खुबा बदललेल्यांच्या घरी जाऊन त्यांना चालवते. दिवसाला पाच-सहा घरं, सगळी याच काउंटीत. टक्केवारी मीही वाचते, पण माझा हिशेब लोकांच्या स्वयंपाकघरांवरून चालतो.

आधी एजंटचं. तुमचं काही चुकलं नाही, आणि त्याचंही नाही. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने घर विकताना, भाड्याने देताना वंश, धर्म, मूळ देश बघून भेद करायला बंदी आहे. अमुक वस्ती तुमच्या लोकांची, तमुक नाही, असं सुचवून गिऱ्हाईक वळवणंही त्यातच येतं. म्हणून एजंट लोक असल्या प्रश्नाला तोंड उघडत नाहीत. असे प्रश्न आम्हालाच विचारायचे.

काउंटी कागदावर जिल्ह्यासारखी, पण आकार तालुक्याएवढा. साधारण आठशे चौरस किलोमीटर, आणि २०२०च्या जनगणनेत माणसं ८,६३,१६२. तुमच्या रोजच्या जगण्यात मात्र काउंटी फारशी येत नाही. कोर्ट, तुरुंग, मोठ्या बागा, कम्युनिटी कॉलेज, एवढं तिचं. पोलीस गावाचे, शाळा गावाची, आणि घरपट्टीतला मोठा घास त्या शाळेच्याच तोंडी जातो. अशी पंचवीस गावं. कुणी टाउनशिप, कुणी बरो, कुणी सिटी. लाखभराची एडिसन आणि वुडब्रिज आहेत, तशीच तपकिरीच्या गिरणीभोवती वसलेली, अडीच हजार वस्तीचीसुद्धा नाही अशी हेल्मेटाही आहे. आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून तुमचा तो 'चौथा हिस्सा' मला रस्त्यावर कधी भेटतच नाही.

माझा मंगळवार सांगते.

सकाळी आठला पर्थ अँबॉय. समुद्राच्या तोंडाशी असलेलं जुनं बंदराचं गाव, पंचावन्न हजार वस्ती, चारात तीनाहून जास्त लोक हिस्पॅनिक. पेशंट डॉमिनिकन आजी. माझं स्पॅनिश म्हणजे 'दुएले?', दुखतंय का, आणि 'आरीबा, आबाहो', वर, खाली. आजींच्या ओट्यावर कच्ची केळी. तळायची, चेपायची, परत तळायची. व्यायामाचे दहा झाले की एक तुकडा माझ्या हातात. शेजारचे आजोबा पोर्तो रिकोचे. त्यांना 'तुम्ही अमेरिकेत कधी आलात' असं विचारायची चूक मी पहिल्या वर्षी केली होती. पोर्तो रिकोची माणसं १९१७पासून अमेरिकन नागरिकच आहेत. ते गोड हसले आणि मलाच विचारलं, "तू कधी आलीस?"

दहाला इसेलिन. हा वुडब्रिज टाउनशिपचा भाग, आणि तुमच्या बहिणीचं घाटकोपर इथून सुरू होऊन एडिसनमध्ये शिरतं. दारात चपला काढायच्या, आतून 'जय श्रीकृष्ण'. गुजराती बा माळ ओढत पाय उचलतात, मणी मोजून. एडिसनमध्ये आता जवळपास निम्मे लोक आशियाई, त्यात भारतीय सर्वांत जास्त, चिनीही बरेच. सध्याचे मेयर भारतीय वंशाचे, त्यांच्या थोडं आधीचे एक कोरियन वंशाचे. हे जादूने झालेलं नाही. मेट्रोपार्क आणि एडिसन स्टेशनवरून न्यूयॉर्कची थेट गाडी, आसपास टेलिफोन आणि औषधांच्या कंपन्या, जुनी दुमजली भाड्याची अपार्टमेंट्स, आणि नव्वदच्या दशकात व्हिसावर आलेली आयटीतली पोरं. एकाने घर घेतलं की भाऊ, मेहुणा त्याच गल्लीत. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

दुपारी न्यू ब्रन्सविक, म्हणजे काउंटीचं मुख्यालय. एका बाजूला रटगर्स विद्यापीठाची पोरं, मधोमध जॉन्सन अँड जॉन्सनचा पांढरा मनोरा, आणि स्टेशनामागच्या फ्रेंच स्ट्रीटवर मेक्सिको. त्यातही बहुतेक ओहाका या एकाच राज्यातले. इथे माझे पेशंट म्हातारे नसतात, चाळिशीचे असतात, आणि दुखतं ते गुडघ्यात नाही, कमरेत. पहाटे व्हॅन येते, टर्नपाइक या टोलच्या महामार्गाच्या 'आठ-ए' एक्झिटजवळच्या गोदामांत नेते, दिवसभर खोकी उचलायची. काम एजन्सीमार्फत, रोजंदारीसारखं. अशा तात्पुरत्या कामगारांच्या हक्कांसाठी राज्याने २०२३मध्ये वेगळा कायदा केला. आपण ऑनलाइन मागवतो ते कुकर-मिक्सर त्याच गोदामांतून येतात.

त्याच भागात आधी हंगेरियन लोक होते, अजून त्यांची चर्च आहेत आणि जूनमध्ये जत्राही भरते. माझ्या एक हंगेरियन आजी १९५६ला सात वर्षांच्या होत्या. रशियन रणगाडे हंगेरीत शिरल्यावर तिथून पळालेल्या तीस हजारांहून जास्त लोकांना पिस्कॅटवे-एडिसनच्या हद्दीवर कॅम्प किल्मर नावाच्या लष्करी छावणीत उतरवलं होतं, त्यांतल्या त्या. आता तिथे रटगर्सचं आवार आहे. तुमच्या यजमानांच्या ऑफिसपासून फार लांब नसेल.

आणि शेवटी मन्रो. इथे पाच-सहा मोठ्या वसाहती पंचावन्नच्या पुढच्यांच्या. केंद्राचा कायदाच आहे, किमान ऐंशी टक्के घरांत एक तरी माणूस पंचावन्न ओलांडलेला हवा. पूर्वी तिथे ब्रुकलिन, स्टॅटन आयलंडहून निवृत्त होऊन आलेले ज्यू आणि इटालियन होते. आता मुलाजवळ राहायला आलेली तेलुगू, गुजराती जोडपीही आहेत. एका क्लबहाउसात माजोंगची दोन टेबलं असतात. एकावर चिनी बायका चिनी नियमांनी खेळतात, दुसऱ्यावर ज्यू बायका अमेरिकन नियमांनी. सोंगट्या जवळपास त्याच, पण दोन टेबलं एकमेकांत खेळूच शकत नाहीत. मला ही काउंटी समजावून सांगायची वेळ आली की मी ती टेबलंच सांगते.

तर, मुलीचा वर्ग. उत्तर एडिसनमध्ये किंवा प्लेन्सबरोत घर घेतलंत तर निम्म्याहून जास्त पोरं आपली. पर्थ अँबॉयला घेतलंत तर बहुधा ती एकटीच. माझा मुलगा पिस्कॅटवेच्या शाळेत शिकला. त्याच्या वाढदिवसाला नायजेरियन, फिलिपिनो, गुजराती, आफ्रिकन-अमेरिकन, पोलिश अशी पोरं यायची, आणि केकमध्ये अंडं चालतं की नाही, हलाल, कोशर, शेंगदाणा, एवढं सगळं विचारावं लागायचं. दमायला व्हायचं. पण तुम्ही मला विचारताय म्हणून सांगते, मी परत पिस्कॅटवेच घेईन.

बोळातला_बाजीराव

ताई, घाटकोपरला एवढं नाकारू नका. माझी आई इथे आठ महिने राहिली, एकटी चालत जाऊन भाजी घेऊन यायची. पिस्कॅटवेत गाडीशिवाय म्हातारं माणूस घरात कोंडतं. कंदीताईंच्या सासूबाई येणार आहेत, हे विसरू नका.

गुडघेताई

हे मात्र खरं. मान्य.

एकाहत्तरचा_पाहुणा

उत्तम धागा. मी १९७१ साली आलो, तेव्हा ओक ट्री रोडवर एकही भारतीय दुकान नव्हतं. तुरीची डाळ आणायला मॅनहॅटनला लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर जायचो.

या टक्केवारीबद्दल एक गंमत सांगतो. माझे खोलीतले मित्र १९६८ला आलेले. १९७०च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं होतं. १९८०ला फॉर्मवर 'एशियन इंडियन' असा खूण करायचा वेगळा चौकोन आला. म्हणजे आमचे कोल्हापूरचे काळेसावळे सद्गृहस्थ दहा वर्षं सरकारदरबारी गोरे होते आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही. त्याआधी तर आणखी मजा. १९२० ते १९४० या तीन गणनांत 'हिंदू' हाच वंश होता, मग माणूस शीख असो की मुसलमान. आणि १९२३ला सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांना, तेही शीखच, गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं.

म्हणून कोणी मला 'या काउंटीत पन्नास वर्षांत आशियाई किती वाढले' असा आलेख दाखवला की मी आधी विचारतो, चौकोन तोच आहे ना? २०२४लाही नियम बदललेत. हिस्पॅनिक हा प्रश्न आतापर्यंत वंशाहून वेगळा असायचा, तो आता वंशातच मिसळणार. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या लोकांना, जे इतकी वर्षं गोऱ्यांत होते, त्यांना स्वतःची जागा मिळणार. २०३०चे आकडे आले की पर्थ अँबॉय 'बदललं' असं कुणी लिहील बघा.

धर्म मात्र ते विचारतच नाहीत. त्यामुळे कार्टरेटला शीख किती, हायलंड पार्कला ज्यू किती, हे जनगणना सांगणार नाही. गुरुद्वारासमोरच्या गाड्या मोजायच्या.

सातारी_कंदी

काका, ताई, बाजीरावदादा, किती आभार मानू! सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न: "त्यात मराठी किती?"

गुडघेताई

सासूबाईंना नमस्कार सांगा. याचं उत्तर देताना मला दर वेळी हसू येतं.

दहा वर्षांनी होते ती मोठी गणना, तिच्यात भाषा विचारत नाहीत. दर वर्षी काही घरांना एक लांबलचक फॉर्म येतो, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा, त्यात घरी कुठली भाषा बोलता हे लिहायचं असतं. आमच्याकडे तो एकदा आला होता. मी ठळक अक्षरांत 'मराठी' लिहिलं. मग पुढे कधीतरी तक्ता उघडून बघितला. हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू, तेलुगू, तमिळ, प्रत्येकाला स्वतंत्र ओळ. आणि मग 'नेपाळी, मराठी आणि इतर इंडिक भाषा'. २०१६पासून हे असं आहे. मी मिरजेहून निघाले ती थेट काठमांडूच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

त्यामुळे आकडा मागू नका. गणपतीत हॉल भरतो, दिवाळी अंकांची अदलाबदल होते, पुरणपोळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या तीन-चार बायका मला माहीत आहेत. आणि दुकानात गुजराती समजून बोलणारे रोज भेटतील, त्यांना 'केम छो' म्हणून टाकायचं.

सातारी_कंदी

सासूबाई म्हणतात, नेपाळी तर नेपाळी, शेजारी दोन शब्द बोलणारं कुणी असलं म्हणजे झालं. घर पिस्कॅटवेतच बघतोय, पण बस थांब्यापासून चालत जाता येईल असं, बाजीरावदादांचं ऐकून. ताई, गुडघा त्यांचाही दुखतो हो. आल्या की तुम्हाला दाखवलं तर चालेल?

गुडघेताई

पाहुण्यांचा गुडघा मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात, बसत नाही, तेव्हा चहावर बघू. तोवर त्यांना मऊ सोफ्यात बसू देऊ नका. ताठ पाठीची, हातांची खुर्ची घ्या, गराज सेलमध्ये दहा डॉलरला मिळते. उठताना हात टेकायचे, आणि आरीबा!