आर: त्रिमितीय आलेखाची व्हेक्टर पीडीएफ नीट निघत नाही, मदत हवी आहे

प्रश्न

आर या संगणकभाषेतल्या 'व्होल्केनो' या डेटावरून (ऑकलंडची माउंगा व्हाऊ टेकडी, ८७ × ६१ नोंदी, १० मीटरची जाळी) पृष्ठभाग काढते आहे. संपादकांना व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी बनलेली, मोठी केली तरी न बिघडणारी) पीडीएफच हवी. तीन अडचणी आहेत.

आरजीएल या त्रिमितीय पॅकेजचं चित्र पीएनजी (पिक्सेलचं चित्र) करून इंकस्केप या चित्र-सॉफ्टवेअरमधून पीडीएफ केलं, तर मोठं केल्यावर पिक्सेल दिसतात. पर्स्प या आरच्या पृष्ठभाग काढणाऱ्या फंक्शनने थेट पीडीएफ काढली आणि बॉर्डर 'एनए' ठेवली (म्हणजे चौकोनांच्या कडा काढल्या नाहीत), तर टेकडीभर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा येतात. शिवाय अक्षांची मराठी नावं जाऊन नुसते ठिपके उरतात. मशीनवर उबुंटू आहे.

प्रतिसाद १

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पीएनजी पीडीएफच्या पाकिटात घातली तरी ती पीएनजीच राहते. फाइल खरंच व्हेक्टर आहे का, हे टर्मिनलवर 'पीडीएफइमेजेस'ला 'लिस्ट' पर्याय देऊन बघा. यादी रिकामी आली तर आत चित्र नाही.

तुमच्या टेकडीला पर्स्पच योग्य. ८६ × ६०, म्हणजे ५,१६० चौकोन होतात आणि ते मागून पुढे क्रमाने रंगवले जातात. एवढे पीडीएफला सहज पेलतात. ५०० × ५०० ची जाळी असेल तर चौकोन अडीच लाखांच्या घरात जातात आणि फाइल उघडतानाच रखडते. अशा वेळी आधी जाळी विरळ करा.

रेघांचा दोष तुमच्या डेटात नाही. दोन शेजारी चौकोनांची कड एकाच पिक्सेलमधून जाते तेव्हा पीडीएफ दाखवणारं सॉफ्टवेअर कड मऊ करतं. पहिला चौकोन त्या पिक्सेलचा ५०% भाग झाकतो, दुसरा उरलेल्याचा ५०%. मागचा पांढरा कागद २५% डोकावतो, तीच रेघ.

उपाय: तोच आलेख त्याच जागी दोनदा काढा. पहिल्या पर्स्पनंतर 'पार' या आलेखाच्या सेटिंगच्या फंक्शनमध्ये 'न्यू' ट्रू करा (म्हणजे आधीचं न पुसता त्यावरच काढलं जातं) आणि तीच आज्ञा पुन्हा द्या, फक्त 'बॉक्स' (भोवतीची चौकट) फॉल्स ठेवा. पांढरा ६% च्या आसपास उरतो. फाइल जवळपास दुप्पट होते, पण या आकाराला चालतं. रंग अर्धपारदर्शक असतील तर मात्र हे करू नका, सगळं गडद होईल.

प्रतिसाद २

ठिपक्यांबद्दल: आरच्या साध्या 'पीडीएफ' डिव्हाइसला (फाइल लिहिणाऱ्या फंक्शनला) देवनागरी झेपत नाही. त्याऐवजी 'कैरो_पीडीएफ' वापरा, फॅमिली म्हणून 'नोटो सान्स देवनागरी' द्या. फॉन्ट मशीनवर बसवलेला हवा. जोडाक्षरं नीट जुळली का ते 'उंची'सारख्या सोप्या शब्दावर ठरवू नका, 'क्षेत्र'सारखा शब्द घालून बघा. संपादकांनी ईपीएस (पोस्टस्क्रिप्टवर आधारलेला फाइल प्रकार) मागितली तर पारदर्शक रंग आधीच काढून टाका, 'पोस्टस्क्रिप्ट' डिव्हाइसला ते येत नाहीत.

प्रश्नकर्ती

रेघा गेल्या, नावंही आली. खूप आभार! आता 'ट्रान्स३डी'ने (त्रिमितीय जागा आलेखावर कुठे पडते ते काढणारं फंक्शन) काही ठिकाणं बिंदूंनी दाखवली, पण टेकडीमागचे बिंदूही पुढे दिसतात.

प्रतिसाद १

बिंदू नंतर काढले की ते वरच बसणार, पर्स्पला त्यांची खोली कळत नाही. क्रम बदला. पहिलं पर्स्प जो मॅट्रिक्स परत देतं (ट्रान्स३डीला लागतो तोच), तो एका चलात ठेवा. त्याने मागचे बिंदू काढा, मग टेकडी (दोन्ही वेळा) त्यांच्यावर काढा आणि शेवटी पुढचे बिंदू. थीटा, फाय (बघण्याचे कोन) आणि तिन्ही अक्षांच्या मर्यादा प्रत्येक वेळी हुबेहूब त्याच द्या. एकही चुकली तर बिंदू टेकडीवरून सरकतील.