विषय: १२ डिसेंबरपासून आमच्या दोन बेडकांची सोय (तातडीचं)

मेधा:
मंडळी, सिडनीहून भारताची तिकिटं काल रात्री निघाली. १२ डिसेंबर ते १८ जानेवारी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन रत्नागिरीला आहे, त्यामुळे या वेळी आम्ही चौघंही जातोय. तुळस आणि कढीपत्ता नेहमीप्रमाणे सुजाताताईंकडे. प्रश्न बेडकांचा आहे. मागच्या वेळी ज्यांनी सांभाळले ते आता ब्रिस्बेनला गेले.

चिन्मय म्हणतोय, त्याच्या टाकीत सोडू दोघांना. टाकी मोठी आहे, आत त्याचे सहा छोटे बेडूक आहेतच. आमच्या ईराला हे अजिबात पटत नाहीये, काल धड जेवली नाही. ज्यांनी पाळलेत त्यांनी सांगा, चालेल का? रविवारपर्यंत ठरवायला हवं.

चिन्मय:
मेधाताई, मी पुन्हा लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. टाकी ४ फुटी आहे, उंची ४० सेंटिमीटर. दिवा, हीटर, फवारा सगळं आहे. माझे ईस्टर्न ड्वॉर्फ, तुमचे ग्रीन ट्री फ्रॉग. दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या याच पूर्व किनाऱ्यावरचे, दोन्ही झाडावरचे, निसर्गात एका तळ्याकाठी राहतात. बेडूक पाळायचा परवाना माझ्याकडेही आहे. वेगळी व्यवस्था कशाला करायची? पाच आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

नंदा:
चिन्मय, मनापासून मदत करतोयस हे दिसतंय, पण असं करू नकोस. अकरा वर्षं पाळतेय म्हणून जरा लांब लिहिते.

पहिली गोष्ट मापाची. तुझे ड्वॉर्फ जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचे. मेधाचे दोघं दहाच्या आसपास. ग्रीन ट्री फ्रॉगच्या तोंडात जे मावतं आणि समोर हलतं, ते त्याचं खाणं. तो दुसरा बेडूक आहे की रातकिडा, हा विचार तो करत नाही. तळ्याकाठी तुझ्या ड्वॉर्फला लपायला सगळं रान असतं, टाकीत चार भिंती. पहिल्या रात्रीच सहाचे पाच होतील.

दुसरी गोष्ट कायट्रिड. ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते. बेडूक पाणी आणि क्षार कातडीतूनच घेतो, ती बिघडली की शरीरातले क्षार घसरतात आणि शेवटी हृदय थांबतं. काही जातींच्या अंगावर ती असते पण त्यांना काहीच होत नाही, वरून ठणठणीत दिसतात. म्हणून वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवायच्याच नाहीत. एकाच जातीचा नवा बेडूक आणला तरी तो आधी निदान महिनाभर वेगळा ठेवायचा. २०२१ च्या हिवाळ्यात न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये लोकांच्या अंगणात मेलेले बेडूक सापडत होते, त्यांत सगळ्यात जास्त नोंदी ग्रीन ट्री फ्रॉगच्याच होत्या. मी स्वतः मागच्या अंगणातून दोन उचलले. सुकून तपकिरी झालेले, भर दिवसा उघड्यावर बसलेले. तो रंग मी विसरलेले नाही.

तिसरी गोष्ट, तुझी टाकी लांब आहे, उंच नाही. यांना चढायला लागतं. दोन मोठ्यांना ४५ बाय ४५ आणि उंची ६० तरी हवी, आत जाड आडव्या फांद्या. मेधाची टाकी बरोबर तशीच आहे, मी पाहिली आहे.

आणि सोबती म्हणून मासे, पाली, कासवं, काहीच नको. पुढेमागे कुणी विचारेल म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

वसंत:
सगळं वाचलं. आमच्या सावंतवाडीच्या घरी न्हाणीघरात आरशामागे एक झाडबेडूक वर्षानुवर्षं राहायचा. आई चुलीपाशी पाणी तापवायला बसली की तो भिंतीवर यायचा, बोटांच्या गोल चकत्या भिंतीला चिकटलेल्या दिसायच्या. कुणी त्याला हाकललं नाही. आंबोलीला पावसाळ्यात गेलात तर पाण्यावर ओणवलेल्या फांद्यांना फेसाची घरटी दिसतात, ती उडणाऱ्या हिरव्या बेडकाची. पिल्लं फेसातून थेट खाली पाण्यात पडतात. मी हे साठ वर्षांपूर्वी पाहिलंय आणि मागच्या वर्षी नातवालाही दाखवलं.

म्हणून विचारतो, डिसेंबरात इथे उन्हाळाच असतो. मेधाच्या मागे झाडी आहे. पाच आठवडे बागेत सोडले तर? आल्यावर परत मिळतील.

प्रसाद:
काका, बागेत सोडणं शक्य नाही. पाळलेला बेडूक बाहेर सोडायला कायद्याने बंदी आहे, आणि कारणही तेच, नंदाताईंनी लिहिलेलं. केळ्यांच्या खोक्यातून उत्तरेकडचा बेडूक आला तरी तो अंगणात सोडायचा नसतो, बेडूक वाचवणाऱ्या गटाकडे द्यायचा असतो.

बेडकांची इथे किती काळजी घेतात ते पाहायचं तर तुम्हाला एकदा होमबुशला नेतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी तिथल्या विटांच्या जुन्या खाणीत टेनिसचं संकुल व्हायचं होतं. १९९२ मध्ये तिथे हिरवे-सोनेरी बेल फ्रॉग सापडले आणि टेनिस दुसरीकडे हलवलं. आता खाणीवरून गोल पूल आहे, वरून खालचं तळं दिसतं. दसऱ्याच्या सहलीला मी हेच सुचवलं होतं.

सुजाता:
स.न.वि.वि. सहलीचा विषय कार्यकारिणीत झाला आहे, तो इथे पुन्हा नको. शिवाय घरं, चाव्या आणि झाडं सांभाळण्याची यादी गेली सहा वर्षं मी ठेवते. मेधा, प्राण्यांसाठीही आधी मला विचारलं असतंस तर यादीत कोण कधी मोकळं आहे ते लगेच सांगितलं असतं. कॅसल हिलच्या दोघी मोकळ्या आहेत. टाकी तुझ्याच घरी राहू दे, त्या एक दिवसाआड येऊन खायला घालतील.

चिन्मय:
सहाचे पाच होतील हे वाचून रात्री झोप लागली नाही. मी काचेची उभी फळी घालतो टाकीत. दोन भाग होतील.

नंदा:
फळीने तोंडं वेगळी होतील, पाणी वेगळं होणार नाही. खालून झिरपतं, तोच फवारा दोन्हीकडे जातो, तोच चिमटा, तुझे तेच हात. बुरशीचे बीजाणू पाण्यातच पोहतात.

अश्विनी:
मला एक सांगायचंय, फळीशी संबंध नाही. आमचा पहिला बेडूक दुकानदाराने सांगितलेल्या बारीक खडीमुळे गेला. रातकिड्यावर झडप घालताना खडी तोंडात जाते आणि आतडं बंद होतं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, पोटात सात खडे मोजले मी. तेव्हापासून तळाला ओला कागदी टॉवेल नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे मोठे गोटे. ज्यांच्याकडे अजून खडी आहे त्यांनी आजच काढा.

मेधा:
सुजाताताई, चुकलंच माझं, आधी तुम्हाला फोन करायला हवा होता. पण टाकी घरी ठेवण्यात एक मोठी अडचण आहे. आमचं घर पेनरिथच्या बाजूला. ४ जानेवारी २०२० ला तिथे ४८.९ अंश होतं, आम्ही तेव्हा तिथेच होतो. घर बंद, एसी बंद आणि मध्ये काचेची टाकी. एक दिवसाआड कुणी आलं तरी मधल्या दुपारी काय होईल? यांना दिवसा २४ ते २९ ठीक वाटतं, ३५ च्या वर जीव धोक्यात येतो. पाच आठवडे एसी चालू ठेवून जायला भीती वाटते, मध्ये वीज गेली तर कळणारही नाही.

नंदा:
हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. मग टाकीच हलवा. बेडकांना दुसऱ्याच्या टाकीत नाही, त्यांच्या टाकीला दुसऱ्याच्या घरात. चिन्मयकडे मागची खोली थंड असते, त्याचे ड्वॉर्फ बाहेरच्या खोलीत. आधी मेधाच्या बेडकांचं काम उरकायचं की ड्वॉर्फचं ते ठरवून घ्या आणि मध्ये हात धुवा. साबणाचा अंशही राहता कामा नये, ओल्या हातांनीच उचलायचं. सनस्क्रीन लावलेल्या हातांनी तर मुळीच नाही. भांडी, चिमटा, फवारा सगळं वेगळं, वेगळ्या रंगाचं.

चिन्मय:
हे जमेल. मागची खोली २६ च्या वर जात नाही. लाल फवारा तुमचा, निळा माझा. परवान्याच्या खात्याला सोमवारी फोन करून दोन्ही नंबर सांगतो.

सुजाता:
यादीत चिन्मयचं नाव टाकलं. तो ३१ ला रात्री नाटकाच्या तालमीला असेल, त्या रात्री कॅसल हिलच्या दोघी जातील. आता हेच पक्कं, कुणी बदलू नये.

वसंत:
मला त्या पुलावर यायचंय. प्रसाद, गाडीची सोय बघ.

मेधा:
सगळ्यांचे खूप आभार. ईरा काल पोटभर जेवली. तिने चिन्मयकाकासाठी कागद लिहिलाय, तो टाकीवर चिकटवते. तिचेच शब्द थोडे नीट करून इथे देतेय.

खाणं दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळी, दिवा मालवल्यावर. रातकिड्यांना आधी गाजर खायला द्यायचं, मग कॅल्शियमची पावडर लावायची. एकेकाला चार-पाच, जास्त नाही. मागितल्यासारखं तोंड करतात तरी नाही, ते फार लवकर जाड होतात. पाणी रोज बदलायचं आणि त्यात पाण्याचा कंडिशनर घालायचाच, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन (जंतू मारायचं रसायन) बादली रात्रभर उघडी ठेवून जात नाही. बाटली टाकीशेजारीच ठेवलीय.

दिवसा दोघंही पाय पोटाखाली घेऊन काचेच्या वरच्या कोपऱ्यात चिकटून बसतात, हिरव्या साबणाच्या वडीसारखे. तसे दिसले की सगळं ठीक. गिळताना डोळे आत ओढले जातात, घाबरू नका, डोळ्यांनीच ते घास खाली ढकलतात. दिवसा जमिनीवर पाय पसरून बसलेला दिसला किंवा कातडीची सालं निघताना दिसली, तर त्याच दिवशी नंदाताईंना फोन.

टाकी ११ तारखेला संध्याकाळी आणतो, गोटे आणि पाणी काढून. बेडूक ओला टॉवेल घातलेल्या, भोकं पाडलेल्या डब्यात, ईराच्या मांडीवर. प्रसाद, उचलायला एक माणूस कमी पडतोय, साडेसहाला येशील का?