वीजबिलाआधीचा कार्बन
सोलर बसवून वीजबिल उतरलं की इमारत शाश्वत झाली, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. वीज महत्त्वाची आहेच, पण पहिला दिवा लागण्याआधीच सिमेंट-सळईपायी भरपूर कार्बन हवेत गेलेला असतो. म्हणूनच ईएन 15978 हे 2011 चं युरोपीय मानक कच्च्या मालापासून पाडकामापर्यंतचा हिशेब मागतं.

आमच्या एका कामावर पायाच्या काँक्रीटमध्ये निम्म्या सिमेंटऐवजी स्लॅगची, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतून निघणाऱ्या मळीची, भुकटी वापरली. सात दिवसांचे क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) ताकदीत कमी भरले तेव्हा सगळेच धास्तावले होते. 56 दिवसांचे मात्र उत्तम निघाले. टेंडरआधीच कार्बनचं मूल्यांकन झालं म्हणून हे जमलं. नंतर मिक्स बदलायला कुणी तयार झालं नसतं.