लंडन हिथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके: अंतराचा आणि वेळेचा हिशोब जुळत नाही

प्रश्न
दोन्ही विमानतळांमधलं अंतर ५,५४० किमी येतं. ताशी ९०० किमी वेग धरला तर सव्वासहा तासही लागायला नकोत. तिकिटावर मात्र जाताना ८ तास आणि येताना ७ तास आहेत. त्यात निघण्याची वेळ ११:०० आणि पोचण्याची १५:००; घड्याळातला ५ तासांचा फरक मिळवला तर ९ तास होतात! प्रवास मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आहे आणि जेएफकेहून पुढे देशांतर्गत विमान पकडायचंय. कुठला आकडा धरू?

प्रतिसाद १
५,५४० किमी बरोबर आहे, पण ते पृथ्वीच्या गोलावरचं सर्वात कमी अंतर. न्यूयॉर्क लंडनच्या बरंच दक्षिणेला असूनही ही रेषा हिथ्रोहून आधी किंचित उत्तरेकडे झुकते, होकायंत्रावर साधारण २८८ अंशांवर (थेट पश्चिम म्हणजे २७०). प्रत्यक्ष मार्ग वारा पाहून ठरतो, त्यामुळे तो याहून लांब असतो.

खरा फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. हा खूप उंचावरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो ताशी १२० किमी धरून बघा: समोरून आला तर जमिनीवरचा वेग ७८०, म्हणजे ७ तास ६ मिनिटं. पाठीमागून आला तर १,०२०, म्हणजे ५ तास २६ मिनिटं. वारा नसता तर ६ तास ९ मिनिटं. जाताना ५७ मिनिटं जातात आणि येताना ४३च मिळतात, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. म्हणून जाण्यायेण्याची सरासरी काढून अंदाज बांधू नका.

तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि थोडी राखीव मिनिटं त्यात येतात. फक्त हवेतली वेळ दाखवणाऱ्या साइटवर आकडा कमी दिसतो तो यामुळेच. हिवाळ्यात वारा जोरात असला की परतीचं विमान लवकर येतं, पण हिथ्रोवर गर्दी असेल तर बोविंग्डन किंवा ऑकमच्या आकाशात (उतरण्याआधी विमानं थांबवून ठेवायच्या ठरलेल्या जागा) घिरट्या घालून ती कमाई तिथेच संपते.

प्रतिसाद २
९ तासांचं कोडं तारखेत आहे. अमेरिकेत उन्हाळी वेळ (घड्याळ एक तास पुढे) मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक ४ तासांचाच असतो. ११:०० ते १५:०० चे ४ आणि हे ४, झाले ८. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतही असंच होतं. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. शंका आली की दोन्ही यूटीसीत (जगभरासाठीची एकच प्रमाण वेळ) बदलून वजाबाकी करा. ब्रिटनची हिवाळी वेळ यूटीसीच असल्याने ११:०० तसंच राहतं, १५:०० चं १९:०० होतं.

प्रतिसाद ३
पुढच्या विमानासाठी १५:०० पासून मोजा, पण १५:०० म्हणजे विमान गेटला लागण्याची वेळ. त्यानंतर इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅग घेऊन कस्टम्स, मग ती पुन्हा जमा करणं आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच बॅग ताब्यात घ्यावी लागते, तिकीट एकच असलं तरी सहसा सुटका नाही. एका तिकिटावर असाल तर अडीच-तीन तास ठेवा. वेगळी तिकिटं असतील तर चार, कारण उशीर झाला तर पुढचं तिकीट तुमच्याच अंगावर पडतं. आणि पुढचं विमान जेएफकेचंच आहे ना, हे आधी बघा. लागार्डिया किंवा नेवार्क (न्यूयॉर्कचे दुसरे विमानतळ) निघालं तर रस्त्याची वेळ वेगळी धरावी लागेल, आणि दुपारी तीननंतर तो रस्ता भरलेला असतो.