मदत हवी आहे: टूलबुकमधले जुने कोर्स कसे वाचवायचे?

नमस्कार मंडळी. आमच्या ट्रेनिंग विभागाच्या जुन्या सर्व्हरवर टूलबुक या संगणकावरचे कोर्स बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले सुरक्षा प्रशिक्षणाचे कोर्स सापडले. कोर्स चालवून गुण आणि पूर्ततेची नोंद ठेवणाऱ्या नव्या प्रणालीत ते चढवायचे आहेत, पण मूळ कंपनीचा माग काढता काढता माझीच शाळा झाली.

टूलबुक असिमेट्रिक्सचं. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी १९८५ मध्ये काढलेली ही कंपनी. तिचंच पुढे क्लिक२लर्न झालं. २००४ मध्ये ती डोसेंटशी एकत्र आली आणि नाव पडलं सम टोटल. २००९ मध्ये व्हिस्टा इक्विटीने ती विकत घेतली, २०१४ मध्ये स्किलसॉफ्टने, आणि २०२२ मध्ये कॉर्नरस्टोनने. गंमत म्हणजे कॉर्नरस्टोनसुद्धा मूळची सायबरयू. या धंद्यात जुनं नाव टिकवायचं नाही अशी शपथच घेतलीय की काय!

आता खरी अडचण. फोल्डरमध्ये .टीबीके, म्हणजे टूलबुकच्या मूळ फायली आहेत, पण त्या उघडणारा प्रोग्राम आमच्या एकाही मशीनवर नाही. काही कोर्स एआयसीसी पद्धतीने (कोर्सने प्रणालीला गुण कसे कळवायचे याचं जुनं मानक) बाहेर काढलेले आहेत. ते चालतात, पण शेवटच्या चाचणीचे गुण नव्या प्रणालीत पोचतच नाहीत. नाव येतं, 'अपूर्ण' असा शेरा येतो, बस्स.

कुणी असे कोर्स स्कॉर्ममध्ये (त्याच कामाचं नंतरचं मानक) बदलले आहेत का? की मजकूर आणि चित्रं उचलून नव्यानेच बांधणं सोपं? आणि कर्मचाऱ्यांच्या जुन्या पूर्ततेच्या नोंदी सीएसव्हीतून (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फायलीतून) आणताना मूळ तारखा तशाच ठेवता येतात का? आमच्याकडे सगळ्यांनी एकाच दिवशी कोर्स केल्यासारखं दिसतंय.