वयाची साठी उलटलेल्या अंतराळवीरांना मोहिमेवर पाठवावे का?

शुक्रतारा (प्रश्न)
अमेरिकी अंतराळवीर डॉन पेटिट २२० दिवस अवकाशात राहून २० एप्रिल २०२५ रोजी सोयूझ यानातून कझाकस्तानात उतरले, आणि तो त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. उतरल्यावर आपल्याला उलट्या होत होत्या, असे त्यांनी नंतर स्वतःच मोकळेपणाने सांगितले. मात्र परतीचा त्रास आपल्याला तरुणपणीच्या मोहिमांनंतरही झाला होता, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. माझे वडील याच वयाचे आहेत आणि जिना उतरताना कठड्याचा आधार घेतात, त्यामुळे पेटिट यांची ती छायाचित्रे पाहून आदर आणि काळजी या दोन्ही भावना मनात आल्या. प्रशिक्षित तरुण संधीची वाट पाहत असताना इतक्या वयाच्या शरीरावर हा ताण टाकणे योग्य आहे का?

अस्थिवैद्य
मी अस्थिरोगांवर उपचार करतो, म्हणून हाडांपासूनच सुरुवात करतो. वजनरहित अवस्थेत शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते, म्हणजे उतारवयात जमिनीवर जी झीज व्हायला वर्ष लागते, ती तेथे महिन्याभरात होऊ शकते. ती रोखण्यासाठी अवकाश स्थानकावरील प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. वजने उचलण्यात तेथे अर्थ नसल्याने निर्वात नळकांड्यांच्या प्रतिकाराविरुद्ध जोर लावण्याचे यंत्र वापरले जाते. या व्यायामाने झीज बरीच आटोक्यात येते, परंतु साठीनंतर मुळातली शिल्लकच कमी असते आणि गेलेले हाड भरून यायलाही अधिक वेळ लागतो, हे नाकारता येणार नाही.

तरीही जन्मतारखेवरून निर्णय घ्यावा, असे मला वाटत नाही. माझ्याकडे पंचेचाळिशीत ठिसूळ झालेली हाडे येतात आणि सत्तरीत भक्कम असलेलीही येतात. घनतेची तपासणी, हृदयाची क्षमता, डोळ्यांच्या पडद्याची स्थिती आणि तोल सांभाळण्याची शक्ती या गोष्टी मोजता येतात. मग ज्या मोजता येतात त्या मोजाव्यात आणि त्यांवरून ठरवावे. नासाने अंतराळवीरांसाठी कमाल वयोमर्यादा ठेवलेली नाही, ते मला योग्य वाटते.

ध्रुव
हाडांच्या बाबतीत वय आड येते, पण प्रारणाच्या (रेडिएशनच्या) बाबतीत तेच वय काहीसे उपयोगी पडते, हा मुद्दा चर्चेत क्वचितच येतो. प्रारणामुळे उद्भवणारा कर्करोग बहुधा अनेक वर्षांनी किंवा दशकांनी प्रकट होतो, त्यामुळे पासष्टाव्या वर्षी घेतलेल्या मात्रेचा आयुष्यभरातला धोका तिशीत घेतलेल्या तेवढ्याच मात्रेपेक्षा कमी असतो. म्हणूनच नासाची प्रारणाच्या मात्रेवरची पूर्वीची मर्यादा वय आणि लिंग पाहून बदलत असे. आता ती संपूर्ण कारकिर्दीसाठी सर्वांना सारखी, ६०० मिलिसिव्हर्ट (प्रारणाची मात्रा मोजण्याचे एकक) आहे, आणि पस्तीस वर्षांच्या स्त्रीला असणारा धोका गृहीत धरून ती काढलेली आहे. मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी यानावरील उपकरणाच्या मोजणीनुसार मंगळाची ये-जा आणि तेथील मुक्काम मिळून मात्रा सुमारे १००० मिलिसिव्हर्ट होते. त्या प्रवासासाठी माणसे निवडताना वयस्करांचा विचार आधी करणे मला तर्कसंगत वाटते.

पारिजात
मी येथे असहमत आहे. १९९८ मध्ये सत्त्याहत्तर वर्षांच्या जॉन ग्लेन यांना डिस्कव्हरी यानातून नऊ दिवसांसाठी पाठवले, तेव्हा वार्धक्याच्या अभ्यासाचे कारण देण्यात आले होते. झोप, तोल आणि स्नायूंमधील प्रथिने यांविषयीचे प्रयोग त्यांच्यावर झाले, हे खरे आहे. परंतु मेलाटोनिन या झोपेशी संबंधित संप्रेरकाच्या प्रयोगातून त्यांना वैद्यकीय कारणास्तव वगळावे लागले, आणि एकाच व्यक्तीवरून वार्धक्याविषयी निष्कर्ष कसा काढणार? ग्लेन यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण १९९६ मध्ये एकसष्ट वर्षांचे स्टोरी मस्ग्रेव्ह, ज्यांनी हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीत मोलाची कामगिरी केली होती, त्यांना सहाव्या उड्डाणानंतर आता पुन्हा संधी नाही असे सांगण्यात आले, आणि दोनच वर्षांत त्यांच्याहून कितीतरी मोठ्या, त्या वेळी सिनेटर असलेल्या ग्लेन यांना जागा मिळाली. निकष सर्वांना सारखा नसेल, तर तपासण्यांचा काय उपयोग?

अस्थिवैद्य
आपला आक्षेप मला मान्य आहे. तो वयावर नसून निवडीच्या पद्धतीवर आहे, एवढेच म्हणेन. ध्रुव यांना मात्र एक सांगावेसे वाटते की, स्थानकावरून आजारी माणसाला काही तासांत जमिनीवर आणता येते, तर मंगळाच्या वाटेवरून परतीचा मार्ग महिनोन्महिने नसतो. तेथे हृदयविकाराचा धोका कर्करोगाच्या आधी मोजावा लागेल, आणि तो वयाबरोबर वाढतोच.

सप्तर्षी
अनुभवाविषयी कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. जून २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला अॅक्सिअम-४ या अवकाश स्थानकाकडे जाणाऱ्या खासगी मोहिमेवर गेले, तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते आणि मोहिमेच्या प्रमुख पेगी व्हिट्सन पासष्ट वर्षांच्या होत्या. शुक्ला यांच्यासह उरलेले तिघेही पहिल्यांदाच अवकाशात जात होते, तर व्हिट्सन यांच्या गाठीशी त्याआधीच ६७५ दिवस जमा होते. यान स्थानकाला जोडताना काही बिनसले, तर प्रशिक्षणात शिकलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांतील फरक त्या क्षणी जाणवतो. गगनयानासाठी निवडलेल्या चौघांपैकी प्रत्यक्ष अवकाशात जाऊन आलेले आज एकटे शुक्ला आहेत. आणखी वीस वर्षांनी ते साठीच्या घरात असतील, आणि तपासण्यांत उत्तीर्ण होत असतील तर नवख्यांच्या पथकासोबत त्यांना पुन्हा पाठवावे, असे मी तेव्हाही म्हणेन.

शुक्रतारा
सर्वांचे मनापासून आभार. माझा प्रश्न वयाविषयी होता, पण आता मला असे वाटते की, तो मोहिमेच्या लांबीविषयी विचारायला हवा होता. अॅक्सिअम-४ सारख्या सुमारे तीन आठवड्यांच्या मोहिमेसाठी माझी शंका फिटली आहे. आठ महिन्यांच्या मुक्कामासाठी ती अजून पूर्णपणे फिटलेली नाही.